शिवणीत गेलेली गोगलगाय

४ जून

सूनबाई,

पत्राच्या वर काय लिहायचं असतं ते शिकवायच्या आत माझी शाळा सुटली, म्हणून सरळ कामाचं लिहिते. मुंगीचा निळा स्वेटर इथे दोरीवर राहिलाय. तिचे खडू पलंगाखाली सापडले. अकरा आहेत, हिरवा नाही. तुझा जेवणाचा डबा फळीवर आहे. भावाच्या घरी डबे असतीलच, पण आपला तो आपला.

तू माझा फोन उचलत नाहीस. नको उचलूस. पण पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र लिहिते.

एवढंच विचारायचंय, मी असं केलं तरी काय? पुस्तकबांधणीच्या कारखान्यात मी चाळीस वर्षं छापील कागदांच्या घड्या घालतेय. पुस्तकाचं भलं कशात आहे हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यातलं एकही वाचलं नाही ही गोष्ट वेगळी. मुंगीची ती कवितांची पाच पुस्तकं नखाएवढी जाड. पिना निघालेल्या, कोपरे कुत्र्याच्या कानासारखे, एकावर तर दूध सांडून वाळलेलं. मी त्या पाचांचं मिळून एक केलं. शिवलं, लाल कापडाचा पुठ्ठा चढवला. माझा मुलगा, म्हणजे तुझा नवरा, जाऊन महिना झाला होता. म्हटलं, या घरात एक तरी वस्तू धड बांधलेली असू दे.

कडा कापताना कटिंगवाल्याने जरा जास्त घेतलं. मी त्याला सांगितलं होतं, बेताने घे म्हणून. कडेला माझ्या पोराने काही लिहून ठेवलं होतं ते मला कसं कळावं? तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला छापलेलं वाचताना घाम फुटतो, तिथे हाताने खरडलेलं काय दिसणार?

आणि तू काय केलंस? पुस्तक उघडलंस, दोन पानं बघितलीस, मिटलंस, टेबलावर ठेवलंस. शब्द नाही. भांडली असतीस तर मीही चार ऐकवली असती आणि संध्याकाळपर्यंत संपलं असतं. तू चार दिवसांनी बॅग भरलीस. मुंगीने तर जाताना आजीकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

पत्ता तुझ्या वहिनीकडून काढला. तिला बोलू नकोस. पाऊण तास डोकं खाल्लं तेव्हा कुठे बिचारीने सांगितला.

तुझी सासू


१९ जून

सूनबाई,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते.

लाल पुस्तक टेबलावरच होतं. धूळ पुसायला उचललं आणि उघडलं. आजवर पुस्तक उघडायचं म्हणजे शिवण ताणून बघायची, एवढंच मला ठाऊक. परवा पहिल्यांदा पान बघायला उघडलं.

त्यात गोगलगाईचं आहे ना, ती बाजाराला निघते ते? त्यात दोन्ही पानं मिळून एकच चित्र आहे. डाव्या कडेला तिचं घर, उजव्या कडेला बाजार, मधून रस्ता. मी रस्त्यावरून बोट फिरवत गेले तर गोगलगाय कुठेच नाही. पुढचं पान, तिथेही नाही. मग चष्मा लावून पुस्तक टराटरा उघडायला लागले तेव्हा शिवणीच्या फटीत तिचं एक शिंग दिसलं. चित्र काढणाऱ्याने तिला प्रत्येक पानावर बरोबर मधोमध ठेवलेली. मी आडवी शिलाई घातली, घडीपासून अर्धं बोट आत घेऊन, पावतीबुकाला घालतात तशी. चांगली घट्ट. सगळ्या पानांवरची गोगलगाय मी शिवून टाकली, सूनबाई. रस्ता आहे, बाजार आहे, चालणारी नाही.

आणि कडेला निळ्या शाईची टोकं राहिलीत. कुठे एक वेलांटी, कुठे काना, कुठे नुसताच प्रश्नाचा आकडा. तो बसच्या डेपोतून आणायचा त्या पेनाची शाई.

दुसऱ्या दिवशी कातरणीची पोती बघायला कारखान्यात तासभर आधी गेले. कटिंगवाला म्हणाला, "आजी, दोन महिने झाले. त्याचे एव्हाना अंड्यांचे ट्रे झाले असतील."

मी म्हटलं, "झाले तर झाले, तू तुझं काम कर."

घरी येताना दुकानात अंडी दिसली. घेतली नाहीत.

सासू


८ जुलै

सूनबाई,

तुला हसायचं असेल तर हे पत्र वाच. तुझी सासू वाचनालयात जायला लागलीय.

मला ती पाच पुस्तकं न कापलेली बघायची होती. वाचनालयातल्या बाई, मी त्यांना चष्मेवाली म्हणते, चष्मा नाकावर कमी आणि गळ्यात जास्त असतो, त्यांना म्हटलं, "मुलांची चित्रांची पुस्तकं हवीत. कवितांची. पातळ."

"नातवंडांसाठी?"

"नाही, मला स्वतःला दात यायचेत."

त्या हसल्या आणि मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे सगळं मुलांच्या मापाचं. खुर्ची माझ्या गुडघ्याएवढी. बसले खरी, उठताना दोघींनी ओढलं.

बटणाचं पुस्तक मिळालं. मी मोठ्याने वाचते, मनातल्या मनात मला जमत नाही.

*बटण सुटलं, घरंगळलं,*
*पलंगाखाली गेलं.*
*धुळीच्या त्या गावामध्ये*

आणि पुढे काहीच नाही. मी चष्मेवालीला हाक मारली. म्हटलं, "अहो, यात ओळ पडलीय. छापखान्याची चूक आहे, आमच्याकडे असं झालं तर मालक सगळा गठ्ठा परत पाठवतो." त्या म्हणाल्या, "आजी, पान उलटा."

उलटलं. दोन्ही पानं भरून काळोख, खाली धुळीची बुटकी घरं, आणि वर ते बटण. मोठं, पांढरं. खाली एवढंच,

*चंद्र होऊन आलं.*

चाळीस वर्षं पानं एका क्रमाने लावतेय, पण पान उलटायला इतका वेळ का ठेवलेला असतो ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ती ओळ त्याच पानावर असती तर बटण बटणच राहिलं असतं.

शेजारी एक दात पडलेली मुलगी बसली होती. ती म्हणाली, "आजी, तुम्ही भराभरा उलटता. आधी उंदीर शोधायचा."

"कुठला उंदीर? उंदराचं नाव नाही यात."

"नाव नाहीच. चित्रात आहे. प्रत्येक पानावर."

होता. धुळीच्या गावात खिडकी पुसत होता. लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नाही, काढणाऱ्याने परस्पर आणून बसवलाय. म्हणजे शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच काही सांगतं, आणि पोरं दोन्ही ऐकतात. मी म्हणायची ना तुम्हा दोघांना, पानावर चार ओळी आणि बाकी नुसते रंग, कागदाची नासाडी? शिंकेच्या पुस्तकात अख्खं पान कोरं, त्यावरून तर मी पोराला किती टोचलं होतं. तेही परवा वाचलं. *शिंक आली, शिंक आली, नाकापाशी थांबली.* उलटा. कोरं पान. काही नाही. माझंच नाक हुळहुळलं. उलटा. *आणि तिथेच झोपली.*

खोलीतली सगळी पोरं हसली. मीही हसले, मग मला त्याची आठवण झाली. मुंगीला वाचून दाखवताना तो त्या कोऱ्या पानावर किती वेळ थांबायचा. मी आतून विचारायची, "मेलात की काय दोघं?"

हे लिहायला नको होतं. खोडत नाही. खोडलं की जास्त दिसतं.

सासू


२ ऑगस्ट

सूनबाई,

सोबत एक पुडकं आहे. उघड. बॉम्ब नाही.

बटणाचं पुस्तक आहे, नवं. दुकानातून आणलं. कडेला पेन्सिलीने लिहिलंय ते माझं अक्षर. कोंबडीने पाय पुसल्यासारखं दिसेल. शब्द मात्र त्याचे आहेत.

आता तू विचारशील, तुम्हाला काय ठाऊक त्याने काय लिहिलं होतं? ऐक तर. तू सकाळी नऊला दवाखान्याच्या काउंटरवर जायचीस ती संध्याकाळी यायचीस. मुंगी बाराला शाळेतून यायची. तो दोनची बस घेऊन निघायचा. बारा ते एक दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी फरशीवर पालथे पडून ही पुस्तकं वाचायचे. कारखान्यातली सकाळची पाळी संपवून मी आत ओट्यापाशी. हात कामात, तोंड चालू, पण कान कुठे झाकता येतात? तो एक ओळ वाचायचा, ती काहीतरी बोलायची, तो म्हणायचा, "थांब थांब, हे लिहून ठेवू," आणि कडेला लिहायचा. पुढच्या वेळी कवितेबरोबर तेही वाचायचा, जसं काही छापलेलंच आहे. रोज तेच. चार महिन्यांत माझं सगळं पाठ झालं. अभ्यास म्हणून एक ओळ डोक्यात राहायची नाही माझ्या, ही आपोआप राहिली.

चंद्राच्या पानावर असं होतं. त्याचं: *चंद्राला चार भोकं कशी?* मुंगीचं: *दोरा ओवायला.* त्याचं: *मग शिवून टाकू का आभाळाला?* मुंगीचं: *नको, घट्ट होईल.*

मी ओट्यापाशी उभी राहून म्हणाले होते, "अभ्यासाचं काही शिकव, आभाळ कसलं शिवतोस." तेही आठवतं.

पेन्सिलीने लिहिलं कारण चुकलं असेल तर मुंगीने खोडावं. तिला विचार. पण लवकर विचार. ती सहा वर्षांची आहे, सूनबाई. सहाचं पोर किती दिवस धरून ठेवणार? मी सहाची असताना माझा बाप गेला. त्याच्या चपला आठवतात. आवाज नाही. खूप कान लावून बघितला, नाहीच. तुला ते कडेचं येत नाही, कारण तू घरात नसायचीस. तो गेल्यावर तू म्हणालीस, "आत्ता नको आई, हिंमत झाली की वाचेन." म्हणजे आता मुंगी आणि मी, दोघींच्याच डोक्यात आहे ते. माझं वय तुला माहीत आहे.

शिंकेचं करायला घेतलंय. कोऱ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात त्याने एवढंच लिहिलं होतं: *उठवू नका.*

सासू


२४ ऑगस्ट

सूनबाई,

शिंकेचं पुस्तक पोचलं असेल. मोज्याचं आणि मांजराचंही पाठवलं. परत आलं नाही त्या अर्थी घेतलंस. उत्तर नाही. ठीक.

आज तुला एक सांगायचंय. रविवार आहे, घर रिकामं आहे, तीनदा कागद घेतला आणि तीनदा ठेवला.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की कटिंगवाल्याने जास्त घेतलं. खोटं आहे. त्या गरिबाने मशीन थांबवलं होतं. पुस्तक दाबाखाली धरलेलं, पातं वर. तो वाकून म्हणाला, "आजी, कडेला कुणीतरी लिहिलंय. बघा की. कमी घेऊ का?"

मी बघितलं. चष्मा होता डोळ्यांवर. माझ्या पोराचं अक्षर मला कळणार नाही? त्याचा 'ल' कसा, उजवीकडे पाय पसरून बसलेला, पहिलीत होता तेव्हापासून. मी त्याला त्यावरून चापट मारली होती.

मी म्हटलं, "पोरीने घाण केलीय. घे कापून."

तो म्हणाला, "नक्की?"

मी म्हटलं, "मशीन तुझं आहे की माझं?" आणि मग तोही नाही, मीच पुढे होऊन दांडा खाली ओढला. तीनदा. तीन कडा.

आता का ते सांगते. तो गेल्यावर मुंगी रोज बाराला शाळेतून यायची, त्याच दाराशी पालथी पडायची आणि वाचायची. वाचता कुठे येत होतं तिला, पाठ होतं. आपलं बोलणं आपल्या आवाजात आणि त्याचं त्याच्या आवाजात. तसंच थांबून, तसंच घसा साफ करून. मी ओट्यापाशी उभी. पाठ दाराकडे. मागून माझा मुलगा बोलतोय आणि वळलं की कुणी नाही. एक दिवस, दोन दिवस, महिनाभर. डेपोत बस धुवायला लावून तो बाकावर टेकला तो उठलाच नाही, तेव्हा मी रडले नाही. तू बघितलंस. सगळ्यांनी बघितलं आणि म्हणाले, बाई दगड आहे. पण रोज बारा ते एक मला ते सहन होईना. मला वाटलं, अक्षर गेलं की पोर बोलायची थांबेल.

थांबली. लाल पुस्तक हातात दिलं त्या दिवसापासून पुन्हा वाचलं नाही तिने. बाराला यायची आणि खिडकीत बसायची. मला जे हवं होतं ते मिळालं.

तू ते अजून वाचलंही नव्हतंस हे मला माहीत होतं, तरी मी दांडा ओढला.

माफी मागत नाहीये. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं. तुझ्याकडे माझ्यासाठी काही शिल्लक असेल असं मला वाटत नाही. फक्त कटिंगवाल्याचं नाव उगीच घेतलं होतं, ते मागे घेते. त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीतच होतं आजी." आणि चहा आणून दिला.

सासू


१६ सप्टेंबर

सूनबाई,

हे पाचवं आणि शेवटचं. गोगलगाईचं.

हे दुकानात नाही. छापणं बंद झालंय म्हणे. वाचनालयात एक होतं, पण पोरांनी वाचून वाचून त्याची पार लक्तरं केलेली, चष्मेवाली ते रद्द म्हणून काढायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, मला द्या. "न्या की," म्हणाल्या. पण फुकटचं मला पचत नाही. त्यांच्या कपाटातली तीस फाटकी पुस्तकं नीट करून दिली आणि मग हे घरी आणलं.

या वेळी आडवी शिलाई नाही. एकेक पान सोडवलं, फाटलेल्या घडीला पातळ कागदाची पट्टी लावली आणि घडीच्या पोटातून टाका घातला, ढिला. पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं तर आपण होऊन सपाट पडतं. गोगलगाय मधोमध आहे. सगळ्या पानांवर. मोजून बघितलं. कडा कापल्या नाहीत, काळ्या आहेत, असू देत. कुणा कुणा पोरांच्या अंगठ्यांचे ठसे आहेत.

*गोगलगाय निघाली*
*बाजाराला सकाळी,*
*उंबऱ्यापाशी पोचली*
*तेव्हा दुपार झाली.*

इथे त्याने लिहिलं होतं: *हिला दोनची बस मिळणार नाही.* मुंगीचं: *तू थांबव ना बस.* त्याचं: *थांबवली.* ते मी लिहिलंय. नळाचं पान, वळणाचं पान, तेही लिहिलंय.

पण एक पान मला येत नाही. ती बाजारात पोचते ते.

*बाजार आला, तेव्हा*
*बाजार गेला होता.*
*एक दिवा तेवढा*
*तिची वाट पाहत होता.*

त्या चित्रात उजवीकडे रिकामी दुकानं, दिवा, आणि पार डावीकडे, लांब, तिचं घर. घराला एक उजेडाची खिडकी. खिडकीत मात्र कुणी नाही. काढणारा विसरला असेल. त्या खिडकीशेजारी कडेला नक्की काहीतरी होतं, लाल पुस्तकात तिथे शाईचं टोक आहे, उद्गाराचं चिन्ह असतं तसं. पण काय ते आठवत नाही. डोकं फुटायची वेळ आली. त्या पानाला दोघं नेहमी हसायचे, खो खो हसायचे, एवढं आठवतं. ते कशाला हसायचे ते माझ्यापर्यंत कधी पोचलंच नाही. त्याच सुमाराला एक वाजायचा, माझी वाढायची घाई, भांड्यांचा आवाज.

ती जागा कोरी ठेवलीय. मनाने काही लिहावं असं एकदा वाटलं. नाही लिहिलं. बाकी सगळं त्याचं आणि तेवढं माझं, असं नको.

मुंगीला आठवत असेल तर तिने भरावं. नसेल आठवत तर तसंच राहू दे.

सासू


७ ऑक्टोबर

सूनबाई,

तुझं पत्र आलं. सात ओळी. मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस, मला तसंही वाचायला वेळ लागतो.

तू लिहिलंस की तू पाचही पुस्तकं वाचलीस. एका बैठकीत नाही, रोज थोडी. बरं केलंस.

आणि तू लिहिलंस, "आई, खिडकीजवळची जागा मुंगीने लगेच ओळखली. त्या खिडकीतून तुम्ही ओरडत होता. त्याने लिहिलं होतं, 'पुरे करा ते! जेवण गार झालं!' ती अजून ते तुमच्या आवाजात ओरडते. बाकीचं विसरत चालली होती, तेवढं एकच पक्कं राहिलं होतं."

हे मी उभ्याने वाचलं, आणि मग बसून.

म्हणजे मी आत भांडी आपटत ओरडायची, रोज एकला, आणि ते दोघं बाहेर पान बरोबर तिथे आणून माझी वाट बघत बसायचे. मी ओरडले की हसायचे. मला वाटायचं, ऐकत नाहीत माझं. मला वाटायचं, त्या पुस्तकांत सगळं जग आहे आणि मी तेवढी ओट्यापाशी. त्याने मला खिडकीत बसवलं होतं, आणि त्या पात्याखाली मीही गेले. त्या तीन ओढींतल्या कुठल्या ओढीत गेले कोण जाणे.

मुंगी फोनवर यायला तयार नाही असं लिहिलंस. राग आहे म्हणालीस. असू दे. तिच्यावर जबरदस्ती करू नकोस. राग आहे म्हणजे मी कोण ते तरी आठवतंय.

ती जागा तू भर, किंवा तिला भरू दे. माझ्या अक्षरात नको.

हिरवा खडू सापडला. कपाटाच्या मागे होता. पाकिटात घातलाय.

सासू


२० ऑक्टोबर

सूनबाई,

काल रविवारी दुपारी फोन वाजला. मी ताट वाढून घेतलं होतं. हॅलो म्हटलं, कुणी बोललं नाही. पुन्हा म्हटलं, "कोण आहे? बोलायचं नसेल तर ठेवा, लोकांना कामं आहेत."

तर पलीकडून कागदाचा आवाज आला. मला तो आवाज झोपेतही कळेल. कुणीतरी पुस्तक सपाट उघडून तळहाताने दाबत होतं.

मग मुंगी वाचायला लागली. माझ्याशी बोलली नाही, आजी म्हणाली नाही, नुसतं वाचलं. गोगलगाय निघाली. आता तिला खरंच वाचता येतं, जोडाक्षराला अडखळते. कडेचंही वाचलं. दोनची बस मिळणार नाही, तू थांबव ना, थांबवली. त्याचं त्याच्या आवाजात म्हणायला गेली. आवाज बराचसा तिचाच निघाला. थोडा त्याचा होता. थोडा होता, सूनबाई.

नळापाशी पोचली, वळणापाशी पोचली. मग बाजार आला. एक दिवा तेवढा, तिची वाट पाहत होता.

आणि ती थांबली.

मी कान लावून उभी. मला वाटलं फोन तुटला. पण श्वास ऐकू येत होता. पान उलटत नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की ती जागा ती वाचणार नाहीये. ती माझी वाट बघतेय.

चाळीस वर्षं ज्या घशाने सगळ्या घराला झोडपलं तो घसा ऐन वेळी बसला. पोर थांबली. किती थांबली! त्या कोऱ्या पानावर तिचा बाप थांबायचा तशी.

मग ओरडले. "पुरे करा ते! जेवण गार झालं!"

शेजारीण दार उघडून बाहेर आली म्हणे.

पलीकडे कुणी हसलं नाही. पान उलटल्याचा आवाज आला. तिने शेवटचं वाचलं, सावकाश, एकही अक्षर न चुकता.

*"असू दे," ती म्हणाली,*
*"रस्ता आता पाठ."*
*आणि वळून धरली तिने*
*घराचीच वाट.*

आणि फोन ठेवून दिला.

पुन्हा येईल की नाही माहीत नाही. पुढच्या रविवारी मी या वेळेला घरात आहे, एवढं कळवते. तिला सांगू नकोस.

फोन खाली ठेवून ताटावर बसले. जेवण खरंच गार झालं होतं. गरम केलं नाही, तसंच जेवले.

सासू